थंड भट्टीतला घाम

भट्टी विझून आठवडा होत आला होता आणि कारखान्यात सगळे स्वेटर घालून फिरत होते. काच फुंकणाऱ्यांच्या या घरात असं दृश्य सात-आठ वर्षांतून एकदाच दिसायचं. एरवी भट्टी रात्रंदिवस जळत असे, बाहेर कसलाही ऋतू असो. आतल्या विटा झिजल्या आणि ती बांधायला काढली, की मगच या माणसांना कळायचं की जगात थंडी नावाची एक चीज आहे आणि आपल्याकडे तिच्यासाठी पुरेसे कपडे नाहीत.

नव्या विटा बसल्या होत्या. आज सगळे जमले ते घरच्या रीतीसाठी. पेटवण्याआधी घरातल्या प्रत्येकानं भट्टीच्या तोंडातून आत हात घालायचा आणि नव्या विटांवर तळवा टेकवायचा. कारण एकदा पेटली की पुढची सात वर्षं ती कोणाला जवळ येऊ देणार नव्हती. पण दादानं रीतीला एक शेपूट जोडून ठेवलं होतं. "जमतोच आहोत, तर बाकाचं काय ते ठरवून टाकू," असं तो सकाळी चहा पिताना म्हणाला होता, अगदी सहज, कपात बघत.

धाकटीला ते सहज वाटलं नाही. बाक म्हणजे भट्टीसमोरचं मुख्य कारागिराचं आसन, दोन लांब लोखंडी हातांचं. त्या हातांवर फुंकनळी फिरवत फिरवत वितळलेल्या काचेला आकार द्यायचा. वडिलांचे दंड थकले तेव्हा त्यांनी स्वतः उठून तिला तिथे बसवलं होतं. ती आता बावन्न वर्षांची होती, तिचा नवरा शाळेत मास्तर होता, तिच्या हाताखाली चार माणसं तयार झाली होती, पण घरात ती धाकटीच होती. आणि गेल्या दोन वर्षांत धाकटीचं काम बिघडलं होतं, हे तिच्याइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. रात्री झोप नाही. ऐन कामात अंगाचा भडका उडायचा, डोळ्यांत घाम उतरायचा, आणि नळी फिरवायची एक लय चुकली की काच एका बाजूला लोंबायची. नाट्यगृहाच्या दालनासाठी दिव्यांचे मोठे गोल करायचे होते. त्यातले किती फुटले ते दादा मोजत नव्हता, पण दर वेळी झाडू मात्र स्वतः आणत होता, आणि बाकावर आता त्याला आपला मुलगा हवा होता.

"आधी विटा, मग जेवण, मग बाक," वहिनीनं जाहीर केलं. दादाची बायको. घरातले सगळे तंटे जेवणानंतर ठेवायचे हा तिचा नियम होता, आणि पोट भरलेला दादा निम्मा भांडतो हा तिचा अनुभव.

पण त्या दिवशी तंटा जेवणाआधीच जिना चढून वर आला.

ताई तळघरातून येत होती. तिघा भावंडांत सगळ्यांत मोठी, सदुसष्टीची, आईच्या मागे धाकटीला तिनंच वाढवलेलं. दुकान तिच्या ताब्यात होतं आणि मालाची पारखही. कारखान्यातली प्रत्येक वस्तू तिच्या डोळ्यांखालून जायची. खोट निघाली की ती बुडाला एक पारदर्शक गोल स्टिकर लावायची आणि वस्तू तळघरातल्या फळीवर जायची. त्या फळीला घरात खोटीची फळी म्हणत. आज तिच्या हातात एक निळा वाडगा होता. अर्ध्या जिन्यात ती थांबली, कठड्याला टेकली, वाडगा खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली, आणि मग वर आली.

"हा खोटीच्या फळीवर कोणी ठेवला?"

"मी," दादाचा मुलगा म्हणाला. त्याला सगळे लंबू म्हणत. अठ्ठावीस वर्षांचा, आणि दारातून वाकूनच आत येणारा. "सकाळी इथे झाडताना वाडग्याशेजारी स्टिकर पडलेला दिसला. मला वाटलं तुझा निसटला. म्हणून परत लावला आणि खाली ठेवून आलो."

"माझा स्टिकर निसटत नाही. आणि या वाडग्यात खोट नाही. या वर्षातला सगळ्यांत चांगला वाडगा आहे हा." ताईनं वाडगा उलटा केला, नखानं स्टिकर सोडवला आणि नाकापाशी धरला. "हा माझा नाहीच. माझ्यापेक्षा मोठा आहे. आणि हे काय, यावर बारीक अक्षरं आहेत."

धाकटीचा हात आपसूक कमरेच्या मागे गेला, स्वेटरखाली. तिथे नुसती कातडी होती. सकाळी विटांची धूळ पुसायला ती भट्टीच्या तोंडातून अर्धी आत सरकली होती, ते तिला आठवलं.

"वाच बरं," ताईनं तो वहिनीकडे दिला. वहिनीनं चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, आणि धाकटीकडे बघितलं.

खोटं बोलायला जागा होती. पण धाकटीला त्याचाही कंटाळा आला होता.

"माझं आहे ते," ती म्हणाली. "औषधाची पट्टी आहे. कातडीला चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. पाळी गेल्यावर अंगातलं हार्मोन कमी होतं, ते यातून थोडं थोडं मिळतं. चार दिवस झाले सुरू करून."

लंबूचा चेहरा पडला. "म्हणजे मी आतूचं औषध वाडग्याला लावलं?"

"लावलंस," वहिनी म्हणाली. "आता वाडग्याला शांत झोप लागेल."

धाकटी हसली. दादाही हसणार होता, पण त्यानं ताईकडे बघितलं आणि हसू गिळलं. ताई पांढरी पडली होती.

"हार्मोन," ताई म्हणाली. "या घरात. थोरल्या आत्याचं काय झालं ते विसरलीस?"

कोणीच विसरलं नव्हतं. थोरली आत्या म्हणजे वडिलांची बहीण. पासष्टी ओलांडल्यावर कोणीतरी तिला हाडांसाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, आणि महिन्याच्या आत ती दुकानात गल्ल्यामागे बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं. ताईच्या मांडीवर. तेव्हापासून या घरात ते औषध म्हणजे विष, आणि त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडलेलं नव्हतं.

"अगं, पण तुला गरजच काय होती?" दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "भट्टीसमोर बसल्यावर घाम येणारच. मला येतो, लंबूला येतो. झोप नाही, चिडचिड, लाल तोंड, ते सगळं भट्टीचं आहे."

भट्टीचं आहे! या घरात काहीही भट्टीचंच असायचं. डोकं दुखलं, भट्टीचं आहे. डोळे चुरचुरले, भूक मेली, नवरा-बायकोत जुंपली, भट्टीचं आहे. वडील हेच म्हणायचे, आजोबाही म्हणायचे. डॉक्टरचा खर्च वाचवणारा असा दुसरा शब्द त्या गावात कोणाकडे नव्हता.

धाकटी उत्तर देणार तेवढ्यात तो भडका आलाच. छातीच्या मधोमध एक चटका, मग मानेवरून, कानांमागून, कपाळापर्यंत, कोणी आतून झाकण उघडावं तसा. आजवर अशा वेळी ती तोंड फिरवून नळाकडे जायची. आज ती गेली नाही. तिनं सगळ्यांसमोर स्वेटर काढून बाकावर फेकला. कपाळावरून, हनुवटीवरून घाम गळायला लागला. सदरा पाठीला चिकटला. बाकीच्यांच्या तोंडातून थंडीची वाफ निघत होती.

"दादा, भट्टीत हात घाल."

"काय?"

"घाल ना. रीत आहे."

दादानं हात आत घातला.

"कशी आहे?"

"गार," तो म्हणाला.

"मग हे कुठलं?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. लोखंड किती तापलंय ते रंगावरून सांगणारा माणूस. बहिणीच्या चेहऱ्याचा हा रंग तो दोन वर्षं बघत होता आणि त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, हे त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"मला सहा वर्षं होतं हे," वहिनी एकदम म्हणाली. "भट्टीजवळचं काम मी मुद्दाम मागून घ्यायचे. तिथे सगळेच घामाघूम. कोणी विचारायचं नाही."

"तू तर म्हणालीस तुला ऊब आवडते!"

"म्हटलं. आणि अहो, तुम्ही लगेच मानलंत."

दोन्ही बाजूंची माणसं आता सरकली होती. सकाळी दादा, ताई आणि वहिनी एकीकडे आणि धाकटी एकटी, असा हिशोब होता. वहिनी उठून आली आणि धाकटीला बाकावर बसवून स्वतःही तिच्या शेजारी बसली, हातातला पदर तिच्या मानेवर टेकवत. त्या बाकावर कारागिराशिवाय कोणी बसायचं नसतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत दादाला झाली नाही.

ताई मात्र जागची हलली नाही. "घामानं कोणी मेलेलं नाही," ती म्हणाली. "गोळ्यांनी आत्या मेली. माझ्या हातात. तुला लहानाची मोठी केली ती पुन्हा तसंच बघायला?"

"मलाही हीच भीती होती, ताई. म्हणून डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा आत्याचंच सांगितलं. औषधाचं नंतर विचारलं."

"मग?"

"मग त्यांनी मलाच प्रश्न विचारले. आत्याचं वय काय, पाळी जाऊन किती वर्षं झाली होती. म्हणाल्या, पंधरा-पंधरा वर्षं उलटल्यावर, रक्तवाहिन्या आधीच खराब असताना सुरू केलं तर हृदयाला धोका वाढू शकतो. आत्यांना त्या गोळ्या आज मी दिल्या नसत्या, असं स्पष्ट म्हणाल्या. पण माझी पाळी जाऊन दीड वर्षच झालंय. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, छातीची तपासणी, सगळं बघितलं, मग दिलं. गोळी नाही, पट्टी, कारण कातडीतून गेलं की रक्ताच्या गाठीची भीती कमी. गर्भाशय आहे म्हणून त्याला जपायला सोबत रात्रीची दुसरी एक गोळी. आणि भट्टीची आच पट्टीवर येता कामा नये, म्हणून मागच्या बाजूला."

"धोका नाही असं लिहून देतात का त्या?"

"नाही देत. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, हेही म्हणाल्या. आणि ऐक, हे औषध हृदय वाचवायला नाही, असं बजावलं त्यांनी. हे झोपेसाठी, या भडक्यांसाठी. हृदयासाठी वेगळं बघायचं. पाळी गेल्यावर बाईचं हृदय गृहीत धरू नका म्हणाल्या. आणि बाईच्या छातीत सिनेमातल्यासारखी कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो. थकवा येतो. पाठ दुखते, जबडा दुखतो..."

"जबडा?" वहिनीचा हात धाकटीच्या मानेवर थांबला.

"हो."

"आत्यांचा जबडा दुखायचा," वहिनी म्हणाली. "गोळ्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मीच दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दात ठणठणीत निघाले. आम्ही वाटेत हसलो होतो त्यावर." तिनं जिन्याकडे बघितलं. "आणि तळघराचा जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या. काहीतरी हातात घेऊन उजेडात बघायच्या. मला वाटायचं, किती हौस आहे या वयात. विचारलं तर म्हणायच्या, भट्टीचा धूर आहे, दुसरं काय."

धाकटीचा घाम आता गार होत होता आणि तिला हुडहुडी भरायला लागली होती. पण ती थंडीनं नाही. ती ताईच्या हातातल्या निळ्या वाडग्याकडे बघत होती.

"ताई, तू मघाशी जिन्यात का थांबलीस?"

"वाडगा बघत होते."

"का?"

"का म्हणजे? खोट आहे का ते."

"तुला खोट शोधायला एकदा वाडगा फिरवलेला पुरतो. आज किती वेळ उभी होतीस. काल पेला घेऊन उभी होतीस. परवा रिकाम्या हातानं आलीस आणि खिडकीच्या काचेकडे बघत थांबलीस."

"चौकशी माझी चाललीय का तुझी?" ताई तडकली. "वय झालं माझं. दम लागतो थोडा जिन्यावर. त्यात काय एवढं, भट्टीचं आहे ते..."

बोलून गेली आणि थांबली. भट्टी तिच्या मागेच होती, आठवडाभर विझलेली, नव्या विटांची, गार.

तिनं वाडगा हळूच टेबलावर ठेवला. मग कोणी न सांगता खुर्ची ओढून बसली. "कधीपासून?" दादानं विचारलं, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला. ताई मान खाली घालून म्हणाली, "उन्हाळ्यापासून." मग धाकटीकडे बघत, "मला भीती वाटते गं. आत्याला बघितलंय मी."

धाकटी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिलाही भीती वाटत होती, पण खूप दिवसांनी तिचं डोकं स्वच्छ चालत होतं, नळीच्या टोकाशी काच नीट बसली की चालतं तसं. "मी नवी पट्टी लावते. तू माझ्याबरोबर चल. आत्ता."

"मग मलाही तीच पट्टी द्यायला सांग तुझ्या बाईंना. निदान दोघी एकत्र तरी."

"तुला नाही देणार. तुझ्या वयाला आणि असा दम लागत असताना तर नाहीच. तुझं हृदय बघतील आधी."

"म्हणजे तू तरुण आणि मी म्हातारी."

"या एका बाबतीत, हो."

ताईला हसू आलं, आणि हसताना दम लागला, आणि तो सगळ्यांनी बघितला. दादा उठला. "गाडी काढतो."

"थांब," धाकटी म्हणाली. "बाकाचं राहिलं."

"अगं, आता बाकाचं काय..."

"आत्ताच. तू सकाळपासून तेच धरून बसला होतास. बाकावर मी बसणार, दादा. पट्टीचा गुण यायला थोडे आठवडे लागतील. तोवर मोठ्या गोलांची नळी लंबू उचलेल, आकार मी देईन. त्यानंतरही माझे गोल फुटले, तर मी स्वतः त्याला इथे बसवीन, बाबांनी मला बसवलं तसं. पण मला न विचारता कोणी खोटीच्या फळीवर ठेवायचं नाही. मी काही वाडगा नाही."

दादानं लंबूकडे बघितलं. लंबू म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मी स्टिकर आणि औषध यांतला फरक ओळखत नाही, मला बाक कसला देता?"

"बस तूच," दादा धाकटीला म्हणाला. किल्ल्या शोधायला लागला. त्या त्याच्या हातातच होत्या.

दारापर्यंत जाऊन ताई मागे वळली. सगळे घाबरले. "विटा," ती म्हणाली. तिनं भट्टीच्या तोंडात हात घालून तळवा टेकवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी ताईच्या हृदयाचा आलेख काढून बघितला आणि तिथूनच तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. एक रक्तवाहिनी फार अरुंद झाली होती, ती आतून उघडून तिथे बारीक जाळी बसवावी लागली. वेळेत आलात, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले. दादानं ते वाक्य घरी येऊन तीनदा सांगितलं. भट्टी मात्र त्यानं पेटवली नाही. नाट्यगृहाची माणसं फोन करत राहिली, आणि दादा, जो गिऱ्हाइकाचा फोन दुसऱ्या रिंगलाच उचलायचा, तो म्हणत राहिला, "आमच्याकडे पेटवायच्या वेळी सगळे लागतात. एक माणूस यायचाय."

ताई घरी आली आणि भट्टी पेटली. पुढचे आठवडे धाकटी झोपली. सुरुवातीला तुटक, मग सलग. मास्तरांनी जाड रजई ठेवून जुनं पांघरूण परत काढलं, कारण तिला रात्रभर उघडी लागणारी खिडकी आता बंद असायची. भडके पूर्ण गेले नाहीत, पण कामाच्या मध्ये येऊन तिचं मनगट धरेनासे झाले. आणि एके दिवशी नाट्यगृहाचा पहिला मोठा गोल नळीवरून सुटा होऊन, काच सावकाश निववायच्या पेटीतून अखंड बाहेर आला. लंबूनं तो तळघरात पारखायला नेला.

थोड्या वेळानं ताई तो दोन्ही हातांत धरून जिना चढायला लागली. औषधं सुरू होती, रोजचं चालणं सुरू होतं, जिना चढायची परवानगीही मिळाली होती. तरी कारखान्यातली सगळी कामं आपोआप हळू झाली. दादा उगाच पक्कड पुसू लागला.

अर्ध्या जिन्यात ताई थांबली.

तिनं गोल खिडकीच्या उजेडात धरला. धाकटी बाकावरून उठून धावली, चपला तिथेच, नळी लंबूच्या हातात.

"धावतेस काय?" ताई म्हणाली. तिचा श्वास शांत होता. "हे बघ. बुडबुडा आहे यात."

धाकटीनं बघितलं. होता. खसखशीएवढा, बुडापाशी. दुसऱ्या कोणाला जन्मात दिसला नसता. तिला रडू येईल असं वाटलं, पण तोंडून निघालं ते वेगळंच. "नव्या भट्टीत पहिल्यांदा राहतात गं एक-दोन. भट्टीचं आहे ते."

"आता या घरात भट्टीचं काही नसतं," ताई म्हणाली. "फुंकलायस तू."

तिनं खिशातून एक गोल स्टिकर काढला, त्यावर बारीक अक्षरं नाहीत ना हे आधी उजेडात नीट बघितलं, आणि गोलाच्या बुडाला चिकटवून टाकला.